इंडिका म्हणजे झोप? इतकं सोपं नाही

गांजाच्या इंडिका आणि सटायव्हा या दोन प्रकारांबद्दल ‘इंडिकाने झोप, सटायव्हाने तरतरी’ असं म्हणतात; हे समीकरण मलाही पूर्वी पटायचं. पण फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने १७८५ मध्ये इंडिका हे नाव दिलं ते भारतातून आलेल्या नमुन्यांना, आणि त्यांची पानं अरुंद होती! आज इंडिका म्हणून ओळखली जाणारी बुटकी, रुंद पानांची झाडं हिंदुकुशकडची. त्यात संकर इतके झालेत की नावावरून फारसं काही कळत नाही.

वास जास्त बोलका. कळी चुरगळल्यावर ओल्या मातीचा, किंचित पिकल्या आंब्यासारखा वास आला तर ते बहुधा मायर्सीन हे सुगंधी द्रव्य. गुंगीचं श्रेय त्यालाच देतात, पण माणसांवरचा पुरावा तोकडा आहे. लिनालूल हे दुसरं सुगंधी द्रव्य, लॅव्हेंडरमधलंच. मला भारी वाटतं ते मिरी-लवंगेतलं कॅरिओफिलीन: ते शरीरातल्या सीबी२ रिसेप्टरला (गांजातली द्रव्यं चिकटतात अशा पेशींवरच्या एका जागेला) थेट चिकटतं, तरी नशा शून्य.

अंग जड होणं, तोंड कोरडं पडणं, भूक खवळणं हे मुख्यतः टीएचसीचं, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याचं काम, त्यामुळे आधी त्याचा आकडा बघावा. खाण्यातून घेतलं तर परिणाम जाणवायला कधी दोन तासही लागतात. ‘काहीच होत नाहीये’ म्हणत दुसरा तुकडा तोंडात टाकणारे तिथेच फसतात.