पुरात भिजलेल्या एस्टीमचे इंजिन टर्बोसाठी घरी बांधायचे आहे, सल्ला हवा

कृष्णाकाठ (सांगली):
नमस्कार. माझ्याकडे वडिलांची मारुती एस्टीम आहे. १२९८ सीसीचे एमपीएफआय पेट्रोल इंजिन. २०१९च्या ऑगस्टमधील महापुरात ती दोन दिवस पाण्यात होती आणि पाणी ओसरल्यावर मी घाईने स्टार्टर मारला, तेव्हा इंजिन एकदा ‘ठक्’ वाजून जाम झाले. तेव्हापासून गाडी उभीच आहे. आता इंजिन उतरवून शेडमध्ये स्टँडवर घेतले आहे. पूर्ण काम करायचेच आहे, तर ०.४ बार दाबाचा लहान टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) सोसेल अशी बांधणी करावी, असा विचार आहे. बोअर कुपवाडला मारून (म्हणजे सिलिंडर आतून कातून) घेईन, जुळणी मात्र घरीच करीन. पैसे कोठे घालावेत आणि कोठे वाचवावेत, हे ज्यांनी स्वतः केले आहे त्यांनी कृपया सांगावे.

जुना_मिस्त्री (सातारा):
टर्बोचा विचार क्षणभर बाजूला ठेवून आधी कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे) तपासावेत. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले, तर पाणी दाबले जात नाही, रॉड वाकतो. आणि ते वाकणे डोळ्यांना बहुधा दिसत नाही. हेड (सिलिंडरवरचे झाकण) काढून चारही पिस्टन एकेक करून वरच्या टोकाला आणा आणि डायल गेजने (सूक्ष्म फरक दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाने) उंची मोजा. एखादा पिस्टन इतरांपेक्षा खाली राहिला, तर त्याचा रॉड गेला असे समजा. असा रॉड सरळ करून घेऊ नये, टर्बोसाठी तर मुळीच नाही.

टर्बोसाठी इंजिनाचे कॉम्प्रेशन कमी करायला हेडखाली जाड गॅस्केट घालण्याचा सल्ला पुष्कळ जण देतील. मला तो पटत नाही, कारण त्याने पिस्टन आणि हेड यांच्यामधली फट वाढते, मिश्रण नीट घुसळले जात नाही आणि नॉकिंगला (मिश्रण अवेळी भडकून ठोके बसण्याला) वावच मिळतो. त्याऐवजी माथ्याला खोलगट वाटी असलेले फोर्ज्ड (दाबून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन घ्यावेत.

सर्वांत जास्त वेळ पिस्टनच्या रिंगांच्या दोन टोकांमधल्या फटीला द्या. माझ्या पहिल्या टर्बो इंजिनात मी रिंगा पाकिटातून काढून तशाच बसवल्या होत्या. खंबाटकी घाट चढताना त्या तापून फुगल्या, दोन्ही टोके एकमेकांना भिडली आणि पिस्टनचा रिंगेजवळचा काठच तुटला. तो तुकडा मी आजही जपून ठेवला आहे. पिस्टनबरोबर आलेला तक्ता पहिला मानावा, पण ७४ मिमी बोअरला आणि तुमच्या टर्बोच्या दाबाला वरच्या रिंगेची फट साधारण ०.४० ते ०.४५ मिमी लागेल. रिंग ज्या सिलिंडरची त्याच सिलिंडरमध्ये घाला, उलट्या पिस्टनने इंचभर खाली सारून समतल करा आणि मग फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा. कानस एकाच टोकाला, बाहेरून आत अशी चालवा.

लेथ_आणि_लेव्हल (मिरज):
वरील सल्ल्याशी सहमत आहे. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारू नये. प्रत्येक पिस्टन मोजून त्याप्रमाणेच बोअर आणि होनिंग (शेवटची बारीक घासाई) व्हावे, कारण फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर जास्त प्रसरण पावतो आणि त्याला मोकळीक अधिक लागते. पुराच्या पाण्याने बोअरला गंजाचे खड्डे पडले असतील आणि ते ०.५० मिमी ओव्हरसाइजमध्येही (बोअर तेवढा मोठा करूनही) निघाले नाहीत, तर दुसरा ब्लॉक शोधणे बरे. टर्बोचा तेल परतीचा पाइप जाड आणि सतत उताराचा असावा, कारण ते तेल केवळ स्वतःच्या वजनाने खाली येते.

पैसे वाचवायचे असतील तर टर्बोच्या आकारात वाचवा. इंधन आणि स्पार्कचे टायमिंग जुळवणाऱ्या ईसीयूत नको. ई२० पेट्रोलला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) हवेच्या मानाने इंधन जास्त लागते, म्हणून इंजेक्टर आणि पंप तेवढे पुरवतात का हे आधी पाहावे, जुने रबरी इंधन पाइपही बदलावेत. आणखी एक, आरटीओला विचारल्याखेरीज ही गाडी रस्त्यावर आणू नये. मोटार वाहन कायद्याला मान्य नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

कृष्णाकाठ (सांगली):
आपणा दोघांचा मनापासून आभारी आहे. आज दुपारी डायल गेज उसने आणून मोजले. तीन पिस्टन बरोबरीने वर येतात, तिसऱ्या सिलिंडरचा मात्र ०.७ मिमी खाली थांबतो. चारही रॉड नवे घेतो आहे आणि पिस्टन हाती येईपर्यंत ब्लॉक तेल लावून झाकून ठेवला आहे. आरटीओत सोमवारी जातो.