सांगली ते मिरज रोज ये-जा: बिनगिअरची सायकल घ्यायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार. मी सांगलीत गावभागात राहते आणि मिरजेत एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. अंतर एका बाजूने साधारण १० किलोमीटर. सकाळी ८ ची ड्युटी, म्हणून ७ ला निघते. पुष्पराज चौक, मार्केट यार्ड, विश्रामबाग, वानलेसवाडी असा सरळ रस्ता आहे. वाटेत चढ म्हणाल तर कृपामयीजवळचा रेल्वेपूल, तेवढाच.

सव्वा वर्ष २१ गिअरची सायकल वापरली. जुलैत कुणाची तरी मोटरसायकल पार्किंगमधून निघताना तिला लागली असावी आणि ती गिअरच्या बाजूला पडली असावी. संध्याकाळी मला वरवर काही दिसलं नाही. पुलावर चढताना सगळ्यात हलका गिअर टाकला आणि मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, थेट आऱ्यांत गेला. चाक जागच्या जागी अडकलं. मागून वडाप (प्रवासी जीप) येत होतं, ड्रायव्हरने वेळेत ब्रेक मारला म्हणून मी आज हे लिहिते आहे. चार आरे तुटले, गिअर अडकवायची पट्टी वाकली. ती पट्टी इथे मिळेना, मागवून यायला १२ दिवस लागले. दुरुस्त होऊन आली तरी त्या पुलावर गिअर बदलायला आता हात धजत नाही. सायकल भाच्याला देऊन टाकली.

मधल्या काळात शेजारच्या काकांची जुनी काळी सायकल वापरली, २८ इंची चाकांची. पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं की २१ गिअरपैकी मी जेमतेम तीन वापरत होते. या रस्त्याला गिअर लागत नाहीत. चिखलात चेन कुरकुरत नाही, काही जुळवत बसावं लागत नाही. दहा किलोमीटरला पस्तीस मिनिटं लागतात, गिअरच्या सायकलवरही फार कमी लागत नव्हती.

पण तीच सायकल कायमची घेऊ शकत नाही. माझी उंची पाच फूट एक इंच. मधला दांडा उंच आहे, पंजाबी ड्रेसमध्ये चढता-उतरताना त्रास होतो. ब्रेक दांड्याचे, आणि स्टीलची रिंग ओली झाली की ते धरतच नाहीत. मार्केट यार्डासमोर हळदीच्या पोत्यांचा ट्रक अचानक वळला तेव्हा दोन्ही पाय टेकवून थांबले.

दुसरी अडचण वाऱ्याची. पावसाळ्यात वारं पश्चिमेचं असतं. संध्याकाळी सांगलीकडे परतताना ते समोरून येतं, तेव्हा ती सायकल फार जड जाते. पुलाचा चढ दोन मिनिटांत संपतो, वारं वानलेसवाडीपासून घरापर्यंत सोबत असतं.

काकांच्या सायकलचे दाते मोजले: पुढे ४४, मागच्या फ्रीला (पाय थांबले तरी चाक फिरू देणारी मागची दातेरी चकती) १८. एका पेडलला सायकल साडेपाच मीटर पुढे जाते, खडूची खूण करून अंगणात मोजलं. मागे २० दात्यांची फ्री टाकली तर वाऱ्यात हलकं जाईल का, की सकाळी नुसतेच पाय फिरत राहतील? चाक २६ इंची घ्यावं की २८? दुकानदार म्हणतात, गिअरशिवाय १० किलोमीटर जमणार नाही. भाचा म्हणतो, फिक्सी घे. फिक्सी आणि बिनगिअरची एकच का? बजेट १० हजार. कॅरिअर हवंच, डबा आणि ॲप्रन असतो.

प्रतिसाद:

ताई, मी इचलकरंजीत बरीच वर्षं बिनगिअरचीच चालवतो. दुकानदाराचं ऐकू नका, तुमचा रस्ता तुम्ही स्वतः पायांनी मोजला आहे.

आधी फिक्सीचं. फिक्सीला मागे फ्री नसते. चाक फिरतंय तोवर पेडल फिरतच राहतं, उतारावरसुद्धा पाय थांबवता येत नाही. पुलावरून उतरताना तुम्हाला ते नको. भाच्याला सांगा, दोन्हींना गिअर नसले तरी सायकली वेगळ्या आहेत.

आता दाते. २८ इंची चाकाला ४४ आणि २० केलं तर एका पेडलला ५ मीटरच्या किंचित आत जाल. २६ इंची चाक छोटं असल्यामुळे ४४ आणि १८ वरसुद्धा जवळपास तितकंच अंतर पडतं. म्हणजे २६ ची घेतलीत तर फ्री न बदलताच तुम्हाला हवा तो हलकेपणा मिळेल. मिनिटाला ६० पेडल मारली तर ताशी १८ च्या आसपास वेग पडतो. काकांच्या सायकलवर तेवढ्याच पेडलमध्ये २० पडत असेल. सकाळी दोन-तीन मिनिटं जास्त जातील, संध्याकाळी गुडघे वाचतील. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं. तरी जड वाटलं तर पुढे कधीही २० ची फ्री टाकता येते. ती आट्यांवर बसते, मिस्त्री थोड्या वेळात बदलून देतो, फक्त चेनला एखादी कडी वाढवावी लागेल.

फ्रेम लेडीज, म्हणजे मधला दांडा खाली असलेली घ्या. रिंग ॲल्युमिनियमचीच मागा, पावसात ब्रेकचा सगळा फरक तिथे पडतो. ओढणी आणि सलवारीसाठी चेनकव्हर पूर्ण बंद असलेलं हवं, अर्धं नको. चेनचा ढिलेपणा अधूनमधून बघा: मधोमध बोटाने दाबली की अर्धा इंच हलली पाहिजे. जास्त हलली तर मागचे नट सैल करून चाक मागे ओढायचं. त्या नटांना बसणारा पाना पिशवीत असू द्या. पंक्चर काढायलाही तोच लागतो.

दुसरा प्रतिसाद:

रिंगचं लाखमोलाचं सांगितलंत. दोन्ही मडगार्ड लांब आहेत का तेही बघा. आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल आखूड मडगार्डला जुमानत नाही, पाठीपर्यंत येतो.

धागाकर्तीचं उत्तर:

दोघांचे मनापासून आभार. काल दुकानात जाऊन खाली बसून दाते मोजले. २६ इंची लेडीज, ४४ आणि १८. रिंग स्टीलची होती, ती बदलून ॲल्युमिनियमची बसवून देतो म्हणाले, वर साधारण हजार रुपये. कॅरिअर आणि पूर्ण चेनकव्हर धरून बजेटमध्ये बसतंय. आज संध्याकाळी त्यांचीच तशी एक सायकल घेऊन कृपामयीच्या पुलापर्यंत जाऊन आले. पूल शेवटी उभं राहून चढावा लागला, पण चढला. परतताना वारं होतं, तरी विश्रामबागपर्यंत एकदाही थांबले नाही.

एकच राहिलं. चेनकव्हर पूर्ण बंद असेल तर चेन दिसणारच नाही. पावसाळ्यात तेल किती दिवसांनी घालायचं, आणि कव्हर न काढता घालता येतं का?