पहिला बेस चार तारांचाच घ्या आणि त्यावर फ्लॅटवाऊंड चढवा

खालचा_षड्ज

हल्ली ओळखीतली बरीच पोरं बेस गिटार घ्यायला निघालीयत, चांगलंच आहे, पण सगळ्यांची यादी सारखीच असते. पाच तारा, ॲक्टिव्ह पिकअप (तारेचं कंपन पकडणारा, बॅटरीवर चालणारा भाग), आणि घरी आणला की पहिल्या दिवसापासून स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार ठोकून वाजवणं. मला हे अजिबात पटत नाही. माझं म्हणणं असं की शिकणाऱ्याने साधा चार तारांचा बेस घ्यावा, फेंडर कंपनीच्या प्रिसिजन टाइपचा, एक पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन, बास. दुकानातून आलेल्या राऊंडवाऊंड तारा काढाव्यात, फ्लॅटवाऊंड चढवाव्यात आणि निदान वर्षभर त्या बदलू नयेत.

राऊंडवाऊंड म्हणजे आतल्या तारेवर गोल वायर गुंडाळलेली, त्यामुळे बोट सरकवलं की खरखर येते आणि आवाज एकदम चकचकीत. फ्लॅटवाऊंडवर चपटी पट्टी गुंडाळलेली असते, बोट गुळगुळीत फिरतं, सूर ठुम् करून येतो आणि गाण्याच्या खाली जाऊन बसतो. नवशिक्याला पहिलं वर्ष शिकायचंय तरी काय, ड्रमच्या किकबरोबर (पायाने वाजणारा मोठा ड्रम) बसायचं आणि सूर कुठे सोडायचा ते. अमेरिकेतल्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीच्या जेम्स जेमरसनने 1962 च्या प्रिसिजन बेसवर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाऊंड लावून ढीगभर हिट गाणी वाजवली, तार तुटल्याशिवाय बदलायचा नाही, आणि उजव्या हाताचं एकच बोट चालायचं. ते ऐकून मग सांगा आणखी काय हवंय.

स्लॅपबद्दल पण बोलतोच. लॅरी ग्रॅहम आईबरोबर वाजवायचा, ती कीबोर्डवर आणि हा बेसवर, ड्रमर नव्हता म्हणून अंगठ्याने किक आणि बोटाने तार ओढून स्नेअर भरून काढायचा, तिथून ते तंत्र आलं. तुमच्या बँडमध्ये ड्रमर आहे ना? मग त्याला वाजवू द्या की.

गंजलेली_तार

जेमरसनबद्दल आदर आहेच, पण बाकी पूर्ण असहमत.

सगळ्यात मोठी अडचण ॲम्पची. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची मोकळी तार साधारण 41 हर्ट्झला वाजते. शिकणाऱ्याच्या घरी असतो आठ इंची स्पीकरचा छोटा प्रॅक्टिस ॲम्प, तो 41 हर्ट्झ नीट काढूच शकत नाही, आपला कान वरच्या ओव्हरटोनवरून (मूळ सुरात मिसळलेले वरचे सूर) खालचा सूर ओळखतो. फ्लॅटवाऊंडमध्ये ते ओव्हरटोनच कमी. मग त्या डब्यातून नुसतं धप धप येतं, पोराला कळतच नाही आपण सूर लावला की नाही. जेमरसनचा आवाज स्टुडिओत रेकॉर्ड झालेला आहे, डोंबिवलीच्या टू बीएचके मध्ये नाही.

दुसरं म्हणजे राऊंडवाऊंड चूक लपवत नाही. बोट फ्रेटपासून (मानेवरची धातूची आडवी पट्टी) लांब पडलं, दाब कमी पडला, शेजारची तार गुणगुणत राहिली, सगळं ऐकू येतं. तुम्ही म्हणता किरकिर नको, मी म्हणतो ती किरकिर ऐकूनच पोरगं बोट उचलून ठेवायला शिकतं. जाको पास्टोरियस तर फ्रेट नसलेल्या फेंडर जॅझ बेसवर राऊंडवाऊंड वाजवायचा, तारांनी लाकूड खरवडू नये म्हणून फिंगरबोर्डवर इपॉक्सीचा कडक थर चढवला होता, पण तारांचा प्रकार बदलला नाही, कारण तो गाता आवाज त्या तारांतच होता.

तिसरं पैसे. फ्लॅटवाऊंडचा सेट बऱ्याचदा राऊंडच्या दुप्पट किमतीला पडतो. नवीन बेसवर चांगल्या तारा असताना त्या काढून ठेवायच्या आणि वर हा खर्च, कशासाठी?

आणि लॅरी ग्रॅहमकडे ड्रमर नव्हता म्हणता, अहो घरी एकट्याने वाजवणाऱ्या पोराकडे तरी कुठे आहे? मुंबईच्या मोहिनी डेला वाजवताना बघून आज कितीतरी पोरी बेस हातात घेतायत, त्यांना जाऊन सांगणार का की वर्षभर अंगठा वापरू नका? सोडून देतील.

पांढरी_चार

दोघेही रॉक बँडचंच बोलताय. मी ऑर्केस्ट्रात वाजवतो, लग्न, गणपती, नवरात्र, कधी भावगीतांचा कार्यक्रम. आमच्याकडे गायक ऐनवेळी सांगतो आज गळा बसलाय, पांढरी दोन धरा, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीवर, डी वर, सा. चार तारांवर सगळ्यात खाली पांढरी तीन, म्हणजे ई. पांढरी दोनचा खालचा सा नाहीच तुमच्याकडे, वरच्या सप्तकात जाऊन वाजवा नाहीतर स्टेजवर तार उतरवत बसा. आणि नवीन हिंदी गाण्यांत बेस बऱ्याचदा सिंथचा असतो, तो सरळ खाली सी पर्यंत उतरतो, चार तारांवर ती ओळ मोडून वाजवावी लागते आणि समोरच्याला लगेच कळतं काहीतरी राहिलंय. आमच्या धंद्यात पाच तारा लागतातच. मग पहिल्यापासून त्याचीच सवय का नको? चारवर हात बसला की नंतर पाचवर गेल्यावर अंगठ्याखाली एक जास्तीची तार येते आणि काही महिने सगळं चुकीच्या तारेवर वाजतं, आमच्याकडे आलेल्या पोरांचं हे बघतोय.

खालचा_षड्ज

@पांढरी_चार दादा, पोटापाण्यासाठी पाच लागतो हे मान्यच, त्यात वाद नाही. पण मी शिकण्याचं बोलतोय. खालची बी तार 31 हर्ट्झची, जाडी 0.130 इंचाच्या आसपास, स्वस्त पाचतारी बेसवर ती बहुतेक वेळा ढिली आणि गढूळ वाजते, शिवाय तुम्ही इतर तारा वाजवत असताना ती आपली खाली घुमत राहते. ती गप्प ठेवायला अंगठा तारांवरून खाली-वर सरकवत न्यायचं तंत्र लागतं. ज्याला अजून दोन बोटं आलटून पालटून चालवता येत नाहीत त्याच्या गळ्यात हे कशाला घालायचं?

@गंजलेली_तार ॲम्पचा मुद्दा खरा आहे. पण त्यावर उपाय हेडफोन, बरे हेडफोन लावले की 41 हर्ट्झ व्यवस्थित येतं आणि शेजारीही भांडायला येत नाहीत. छोट्या स्पीकरसाठी तारा निवडणं मला उलटं वाटतं. आणि खर्चाचं म्हणाल तर मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत राऊंडच्या वेढ्यांमधल्या फटीत घाम आणि मळ बसतो, महिन्या-दोन महिन्यांत तार मरते. फ्लॅटला त्या फटीच नाहीत, वर्षानुवर्षं चालते, उलट मुरल्यावर जास्त छान लागते. हिशोब करून बघा कुठली महाग पडते ते.

गंजलेली_तार

वाजवून झाल्यावर सुती फडक्याने तारा पुसायच्या, वरून आणि खालूनही, फडकं तारेखाली सारून. एवढं केलं तर दमट हवेतही राऊंड बऱ्यापैकी टिकतात. आणि ही सवय पोरांना लागलीच पाहिजे. कोटेड (वरून पातळ थर दिलेल्या) तारा पण मिळतात, थोड्या महाग, पण घामट हातांना उत्तम.

ताणाबद्दल मात्र तुम्ही बोललाच नाहीत. बहुतेक फ्लॅटवाऊंड ताठ असतात, नवीन बोटांना आधीच फोड आलेले, त्यात हा छळ.

खालचा_षड्ज

कमी ताणाच्या फ्लॅटवाऊंड पण असतात, व्हिएन्नाच्या थॉमास्टिकच्या तर एकदम मऊ आहेत. महाग आहेत हे मान्य.

वसईकरीण

मी चर्चच्या क्वायरमध्ये बेस वाजवते, हात लहान आहेत म्हणून लिहिते. तुम्ही सगळे तारांवरून भांडताय आणि लांबीचं कोणीच बोलत नाहीये! नेहमीचा बेस 34 इंच स्केलचा, म्हणजे तारेची वाजणारी लांबी तेवढी. पहिल्या पोझिशनला, मानेच्या टोकाकडे, फ्रेटमधलं अंतर एवढं असतं की माझ्यासारखीचा हात ताणून ताणून मनगट दुखायला लागतं, आणि मग लोक म्हणतात सराव कमी पडला. 30 इंचाचा शॉर्ट स्केल घ्या. त्याच जाडीची तार त्याच सुराला लावली तर ताण साधारण 22 टक्क्यांनी कमी होतो, फ्रेट जवळ येतात, वजनही बऱ्याचदा कमी. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बेस शॉर्ट स्केलच आहे, आणि त्यावर फ्लॅटवाऊंड, म्हणजे इथे मी @खालचा_षड्ज यांच्या बाजूने. पण दुकानात मला कायम ऐकवलं गेलं की शॉर्ट स्केल लहान मुलांचा, पुढे बदलावा लागेल. का बदलावा लागेल? मिस्साला वाजवते, नाताळात वाजवते, लोकांच्या लग्नात वाजवते, कोणी आजवर इंच मोजायला आलं नाही.

तारा घेताना मात्र सेटवर शॉर्ट स्केल लिहिलंय ना ते बघा. लाँग स्केलचा सेट घेतला तर ट्यूनिंग पेगच्या खांबावर तारेचा जाड भाग गुंडाळला जातो, आणि फ्लॅटवाऊंड असेल तर तिथेच पट्टी उसवते.

संत्रानगरी

वाचतोय. मुलगी 12 वर्षांची, नागपूर, शाळेच्या बँडसाठी बेस शिकायचाय म्हणते. घरात कोणालाच यातलं काही कळत नाही. ताईंचं शॉर्ट स्केलचं पटलं. पण शिकवायचं कसं? ऑनलाइन एक सर म्हणतात प्रत्येक फ्रेटला एक बोट, चारही बोटं पसरून ठेवा. तिला जमत नाही, रडकुंडीला येते.

वसईकरीण

दादा, आधी ते चार बोटं पसरणं थांबवा. खालच्या, म्हणजे मानेच्या टोकाकडच्या, फ्रेटवर 1-2-4 पद्धतीने वाजवायचं, म्हणजे पहिलं बोट, दुसरं बोट, आणि तिसरं-चौथं एकत्र मिळून एक. तीन फ्रेटमध्ये हात बसतो, पुढे लागलं तर अख्खा हात सरकवायचा. डबल बेसवाले वर्षानुवर्षं असंच वाजवतात. पाचव्या-सातव्या फ्रेटच्या वर गेली की मग खुशाल एक फ्रेट एक बोट. अंगठा मानेच्या मागे मधोमध, पण दाबायचा नाही, अंगठा काढला तरी सूर लागला पाहिजे.

गंजलेली_तार

ह्याला अनुमोदन. फक्त 1-2-4 ची इतकी सवय नको की करंगळी कायमची तिसऱ्या बोटाच्या आधाराने जगेल. रोज पाच मिनिटं पाचव्या फ्रेटवर चार बोटं वेगवेगळी, सावकाश. मेट्रोनोम 60 वर.

पांढरी_चार

मेट्रोनोमबरोबर तबल्याचं ॲप पण लावा. केरवा घ्या: धा गे ना ती, न क धीं ना. बेसवाल्याने डग्ग्याकडे कान द्यायचा. धा ला सा वाजवायचा आणि लांबवायचा, ती न क मध्ये डग्गा बंद असतो तिथे आपणही तार दाबून गप्प, सातव्या मात्रेला धीं आला की खालचा पंचम, आणि पुन्हा समेवर सा. दोनच सूर. एवढं दहा मिनिटं न हलता वाजवता आलं की मुलगी बँडमध्ये बसायला तयार. पोरांना सूर वाजवता येतात, थांबवता येत नाहीत. खरा बेस त्या थांबण्यात आहे, आणि ते फ्लॅटवर काय राऊंडवर काय, हातानेच करावं लागतं.

पाव_फेरा

गिटारी दुरुस्त करतो म्हणून एक सांगतो. तारांचा प्रकार किंवा गेज (जाडी) बदललं की सेटअप, म्हणजे मान आणि तारांची उंची नव्याने जुळवून, करून घ्या, नाहीतर दोष तारांना जातो. ताण वाढला की मान पुढे वाकते, तारा वर उचलल्या जातात. बघायचं असं: जाड तार पहिल्या फ्रेटला दाबा आणि मान बॉडीला मिळते तिथे दाबा, मधे सातव्या-आठव्या फ्रेटवर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेतली सळई) घट्ट करायचा, पण एकावेळी पाव फेराच, मग थांबून परत बघायचं. नटच्या (मानेच्या टोकाची तारा टेकतात ती पट्टी) खाचा 0.100 इंचाच्या तारेसाठी कापलेल्या असतील आणि तुम्ही 0.110 ची तार बसवली तर ती वरच अडकते, मग पहिल्या फ्रेटवर सूर चढा लागतो.

नागपूरच्या दादांना विशेष सूचना, तुमच्याकडे उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन हाताला टोचतात. मुलीला वाटेल आपलाच हात नाजूक आहे. बेस पिशवीत ठेवा, कूलरसमोर नको, गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत तर नकोच. टोचायला लागलं तर कारागिराकडून टोकं घासून घ्या, छोटं काम आहे.

खालचा_षड्ज

@वसईकरीण ताई, शॉर्ट स्केलचं तुमचं पटलं, मूळ धाग्यात ते यायला हवं होतं. म्हणजे आता माझं म्हणणं: चार तारा, हाताला झेपेल ती लांबी, फ्लॅटवाऊंड. स्लॅपबद्दल मत तेच.

गंजलेली_तार

आणि माझं राऊंडबद्दल. @संत्रानगरी, तुम्ही आमच्यातलं कोणाचंच ऐकू नका, बेस ज्या तारांसकट येईल त्याच राहू द्या. त्या मरतील तेव्हा मुलीला दोन्ही प्रकारच्या तारा लावलेले बेस दुकानात वाजवून बघू दे आणि तिलाच ठरवू दे. फक्त ॲम्प घेताना त्याला हेडफोनचं भोक आहे ना ते बघा.

संत्रानगरी

शनिवारी दुकानात जातोय. तिने केरव्याचे बोल आत्ताच पाठ केलेत, टेबलावर वाजवतेय.