बुसानी फटकळ, चुंगचॉंगी गुळमुळीत: खरंच, की नुसती लेबलं?

सोलापूरकर_सोलमध्ये: समोरच्याच्या मनातलं न बोलता ओळखणं म्हणजे 'नुन्ची'. कोरियात ती ज्याला नाही, तो सगळ्यांच्या डोक्यात जातो. माझ्या मते ती प्रांतागणिक बदलते. मध्य-पश्चिमेच्या चुंगचॉंग प्रांताचा विनोद तिथे सगळ्यांना पाठ: गिऱ्हाईक कलिंगडाचा भाव पाडून मागतं, शेतकरी शांतपणे म्हणतो, "राहू द्या, गाईला घालतो." नाही म्हणाला नाही, पण सौदा मोडला! उलट आग्नेयेकडच्या, म्हणजे बुसानच्या बाजूच्या, ग्यॉंगसांग प्रांतातला नवरा घरी येऊन तीनच वाक्यं बोलतो म्हणे: "पोरं कुठंयत? वाढ. झोपू."

रस्सापंडित: विनोदांवरून समाजशास्त्र? धन्य आहे. ग्यॉंगसांगच्या बोलीत सुरांचे चढउतार आहेत, म्हणून सोलवाल्यांना साधी विचारपूसही भांडण वाटते. बुसानच्या जागाल्ची मासळीबाजारात कुणी खेकसलं की लगेच उद्धट? आणि आन्दोंग हे शहरही त्याच ग्यॉंगसांगात येतं. तिथलं दोसान सोवॉन हे कन्फ्यूशियन विद्यापीठ १५७४ चं. पितरांच्या विधीत कुठलं फळ कुठे मांडायचं तेही ठरलेलं. आता बोला, प्रांत फटकळ की सोवळा?

सोलापूरकर_सोलमध्ये: बोलीचं मान्य. पण चुंगचॉंगचे मतदार कुणाला मत देणार याचा थांग लागत नाही, ही ओरड निवडणुकीत असतेच की.

हान_काठची: तुम्हाला या गमती वाटतात, कारण नैर्ऋत्येच्या जॉल्ला प्रांताचं नाव अजून कुणी काढलं नाही. तिथल्या लोकांना 'तोंडावर गोड, पाठीमागे घात' म्हणायची जुनी खोड आहे. पुरावा म्हणून थेट गोर्यो राज्याचा संस्थापक राजा वांग ग्यॉनच्या नावावरच्या, ९४३ च्या दहा आज्ञा काढतात; त्यातली एक म्हणे त्या बाजूच्या माणसांना पदं देऊ नका असं सांगते! लष्करी उठावातून सत्तेत आलेले राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या राजवटीत उल्सान, पोहांग, गुमीला कारखाने गेले, म्हणजे सगळं ग्यॉंगसांगलाच. जॉल्लाची माणसं पोटासाठी सोलला आली आणि बोली लपवू लागली. याला स्वभाव म्हणायचं?

तटस्थ_मावशी: किती ताणाल? निम्मा देश आता सोल आणि आसपास राहतो. पहिल्या भेटीत वय काढतात, गाव नाही. वडीलधाऱ्यांसमोर तोंड वळवून पिणं, दोन्ही हातांनी ओतणं बुसानपासून सोलपर्यंत सारखंच.

हान_काठची: गाव काढत नाहीत? मग २०१९ मध्ये नोकरीच्या अर्जात मूळ गाव विचारायला कायद्याने बंदी का घालावी लागली, मावशी?