‘ज्याला त्याला लायकीप्रमाणे मिळते’: या होकाराचे मोजमाप कसे करायचे?

मूळ प्रस्ताव

व्यवस्थेकडून ज्यांच्या पदरी फारसे काही पडले नाही, तीच माणसे पुष्कळदा तिची बाजू का घेतात, या कोड्याची उकल म्हणून जॉन जॉस्ट आणि महजरीन बानाजी या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली ‘व्यवस्था-समर्थन’ ही कल्पना मांडली. आपण राहतो ते जग अन्यायी आहे हे मान्य करून रोज जगणे जड जाते, म्हणून माणूस आहे त्यालाच योग्य ठरवतो, असा तिचा गाभा आहे. पुढे २००३ मध्ये आरोन के आणि जॉस्ट यांनी आठ विधानांची मोजपट्टी वापरली. समाजाची घडीच अशी आहे की बहुधा ज्याला त्याला लायकीप्रमाणे मिळते, अशा विधानांशी आपण कितपत सहमत आहोत, हे त्यात एक ते नऊ या आकड्यांत सांगायचे असते. ही मोजपट्टी आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर वापरली जावी, असे माझे ठाम मत आहे. ‘त्यांची काही तक्रार नाही, मग तुम्हाला काय अडचण?’ हा सवाल ज्यांनी गावात ऐकला आहे, त्यांना या ‘तक्रार नाही’च्या तळाशी काय आहे हे शोधण्याची निकड पटेल.

प्रतिसाद १

मला हे पटत नाही. मराठवाड्यात एका पाहणीसाठी मी घरोघर प्रश्नावल्या भरून घेतल्या आहेत. एका शेतमजूर बाईंनी मालकाच्या ओसरीवर बसून अशाच विधानाला पूर्ण सहमती दिली. नंतर मला रस्त्यापर्यंत पोहोचवायला आल्या, तेव्हा गोठ्याच्या वळचणीला ठेवलेला कान तुटलेला कप दाखवून म्हणाल्या, “आमचा चहा ह्याच्यातच. आमची लायकी ह्या कपाएवढीच हाय का, ताई?” माझ्या कागदावर मात्र सर्वांत वरचा आकडा लिहिलेला होता. पोटासाठी दिलेला होकार आणि मनापासून दिलेला होकार यांत ज्या मोजपट्टीला फरक करता येत नाही, तिच्या आधारे गरिबांनाच त्यांच्या स्थितीचे समर्थक ठरवणे हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय आहे.

प्रतिसाद २

वंचितच व्यवस्थेचे अधिक समर्थन करतात, हा या सिद्धान्तातला सर्वांत धाडसी दावा आहे आणि तोच सर्वांत कच्चा आहे. मार्क ब्रँट यांनी २०१३ मध्ये पासष्ट देशांतील दीड लाखाहून अधिक लोकांच्या उत्तरांवर तो तपासला, तेव्हा त्याला फारसा आधार मिळाला नाही.

प्रतिसाद ३

माझा आक्षेप मोजपट्टीतल्या ‘व्यवस्था’ या शब्दालाच आहे. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे आणि ते श्रमिकही एकावर एक रचलेले आहेत, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच दाखवून दिले. अशा उतरंडीत मधल्या पायरीवरचा माणूस वरच्याविषयी चडफडत असतो आणि खालच्यावरचा आपला मान मात्र सोडायला तयार नसतो. त्याला ‘समाज न्याय्य आहे का?’ असे विचारले, तर त्याने कोणत्या दिशेला पाहून उत्तर द्यावे? समाजगटांमध्ये उच्चनीच असावे असे माणसाला कितपत वाटते, हे मोजणारी प्रॅटो आणि सिडॅनियस प्रभृतींची १९९४ ची मोजपट्टी मला या प्रश्नाच्या अधिक जवळची वाटते.

प्रस्तावकर्ती

मधल्या पायरीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि त्या कपाची हकीकत वाचून मी अस्वस्थ झाले. तरीही मोजणेच सोडून द्यावे, असे मला वाटत नाही. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाने २०११-१२ मध्ये घरात कोणी अस्पृश्यता पाळते का असे थेट विचारले आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यांना पुढे विचारले की, अनुसूचित जातीची व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आली किंवा तिने तुमची भांडी वापरली तर चालेल का? दोन्ही मिळून सुमारे २७ टक्के कुटुंबांची कबुली निघाली. तत्त्वाऐवजी चुलीजवळचे विचारले की झाकलेले बाहेर येते.

प्रतिसाद १

येते, पण ती कबुली पाळणाऱ्यांची आहे. ज्यांच्याबाबत पाळले जाते त्यांच्या होकाराचा अर्थ त्यातून लागत नाही. आपण पाहणीचा आराखडा करणार असाल, तर उत्तर कुठे बसून घेतले आणि जवळ कोण होते, यासाठी एक रकाना ठेवावा, एवढी विनंती आहे. माझ्या कागदावर तो नव्हता.