लोकसंगीतकाराचं अर्कचित्र: आधी चेहरा की आधी हात?

जाडरेघ (धागालेखक)
अर्कचित्र म्हटलं की भलंमोठं डोकं, लांबवलेलं नाक आणि खाली काडीसारखं धड, हा साचा ठरून गेलाय. पुढाऱ्यांना तो चालतो, त्यांचे चेहरे रोज डोळ्यांपुढे असतात. लोकसंगीतकाराला तोच साचा लावला की माणूस हरवतो. माझं मत स्पष्ट आहे: अतिशयोक्ती आधी हातांत, उभं राहण्याच्या ढबीत आणि वाद्य धरण्याच्या पद्धतीत करावी. चेहरा त्यानंतर.

अमेरिकन लोकगायक पीट सीगर घ्या. डोकं मागे टाकून, हनुवटी वर करून गायचे. आवाजाला सोयीची खालची पट्टी मिळावी म्हणून त्यांनी बँजोची (गोल चौकटीवर कातडं ताणलेलं, पाच तारांचं वाद्य) दांडी तीन पडद्यांनी लांबवली. नेहमीच्या २२ ऐवजी २५ पडदे. वर गेलेली हनुवटी आणि ती लांब दांडी, या दोन तिरक्या रेघा जमल्या की निम्मं चित्र झालं.

खोडरबर
असहमत. चेहरा मागे ढकललात की उरतो फक्त 'बँजोवाला', आणि हाच जुना रोग आहे. १८४३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स हा गोऱ्यांचा संच तोंडाला काळं फासून रंगमंचावर आला आणि असल्या खेळांची लाटच उसळली. त्या गाण्यांच्या छापील स्वरलिपींची मुखपृष्ठं पाहा: जाड ओठ, वटारलेले डोळे आणि वेडेवाकडे फेकलेले हातपाय. हो, हातपायच! आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी आणि त्यांच्या वंशजांनी घडवलेलं हे वाद्य, आणि त्याच्या वादकांची जगाला ओळख झाली ती अशा चित्रांतून. मी लोकवादकांची अर्कचित्रं काढत नाही. सरळ व्यक्तिचित्र काढते.

जाडरेघ
इतिहास शंभर टक्के मान्य. पण त्या चित्रांत कुणी एक ठरावीक माणूस नव्हताच. अर्कचित्रकार सर्वसाधारण चेहरा मनात धरतो आणि समोरचा माणूस त्याहून जिथे वेगळा आहे, तेवढंच वाढवतो. अख्ख्या समाजावर लादलेली लक्षणं वाढवली तर कुणीच ओळखू येत नाही. ओळखीच्या चेहऱ्यांची थोडी अतिशयोक्त रेखाचित्रं हुबेहूब रेखाचित्रांपेक्षा लवकर ओळखली जातात, असं १९८७ च्या एका मानसशास्त्रीय प्रयोगात दिसलं होतं.

आडताल
पण लोकसंगीतकाराचा चेहरा बहुतेकांच्या ओळखीचा नसतो, तिथे हा प्रयोग कामाचा नाही. अमेरिकन कॉमिक्सकार रॉबर्ट क्रम्ब यांनी १९८० मध्ये ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीताच्या वादकांची ३६ चित्रपत्रं (गोळा करायची छोटी चित्रकार्डं) काढली. जुन्या छायाचित्रांवरून, जवळजवळ काहीही न वाकवता. आणि याच माणसाच्या कॉमिक्समधल्या कृष्णवर्णीय पात्रांवर आजही टीका होते. ज्यांचं संगीत जिवापाड आवडलं, तिथे त्यांनी हात आखडला. मला तरी हा पुरावा खोडरबर यांच्या बाजूचा वाटतो.

पाचवी तार
मी बँजो वाजवतो, म्हणून जाडरेघ यांच्या बाजूने. उजवा हात बघा. क्लॉहॅमर या जुन्या वादनशैलीत बोटं नखाच्या बाजूने तारेवर खाली आदळतात, अंगठा पाचव्या तारेवर अडकतो, पंजा आखडलेला. ब्लूग्रास या वेगवान लोकसंगीताच्या शैलीत अंगठा आणि दोन बोटांवर तार छेडायच्या नख्या चढवलेल्या, उरलेली बोटं कातड्यावर टेकलेली. पंजा नीट वाढवून काढा, वादक कुठल्या परंपरेतला आहे ते एका नजरेत कळेल. फक्त खुंट्यांशी खेळू नका! चार वरच्या टोकाला, पाचवी दांडीच्या बाजूला, पाचव्या पडद्यापाशी. पाचही वर काढलेलं चित्र मला पाहवत नाही. ज्या वाद्यावर माणसाचं आयुष्य गेलं ते तरी आपण निरखून पाहावं.

खोडरबर
पंजाचं पटलं. पण पंजा परंपरा सांगतो, माणूस नाही. त्याला चेहरा आणि चित्राखाली नाव हवंच. शिवाय हात नेहमी निर्धोक नसतात. अमेरिकन लोकगायक वुडी गथ्रींना हंटिंग्टनचा आजार (मेंदूचा आनुवंशिक विकार) होता. शेवटच्या वर्षांत हातपाय ताब्यात राहिले नव्हते, १९६७ मध्ये ते गेले. तिथे कुठली ढब वाढवणार?

जाडरेघ
नाव लिहायचंच, त्यावर वाद नाही. शेवटच्या वर्षांतले गथ्री मी काढणार नाही. आजारानं शरीराला जे केलं ती त्या माणसाची ढब नव्हे. समोर १९४३ चं छायाचित्र ठेवेन, गिटारवर 'हे यंत्र फॅसिस्टांना मारतं' असं लिहिलेलं. अंगकाठी बारीक, गिटार छातीपेक्षा रुंद, अक्षरं सगळ्यात ठळक. चेहरा तिथेही लहानच ठेवेन.