मदत हवी आहे: नॅसचा बॅकअप नेमका कुठे जातोय, हे कमांड लाइनवरून कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी,

सांगलीत गणपती पेठेतल्या एका होलसेल किराणा-भुसार दुकानाचं कॉम्प्युटरचं काम नुकतंच माझ्याकडे आलंय. आधीचा माणूस सोडून गेला, जाताना साधा चिटोराही ठेवला नाही. दुकानात सिनॉलॉजी कंपनीचा दोन डिस्कचा नॅस (नेटवर्कवरून सगळ्या मशिनना फाइली पुरवणारा स्टोरेजचा डबा) आहे. टॅलीचा डेटा, बिलांचे स्कॅन, जीएसटीची कागदपत्रं, सगळं त्यावरच. मालकांना विचारलं तर "बॅकअप रोज रात्री होतो की" एवढंच उत्तर. कुठे होतो, कशाचा होतो, देव जाणे.

मी असतो विट्याला. इथून व्हीपीएनवर डीएसएमचं (नॅसच्या सिस्टिमचं) पान उघडता उघडत नाही, पण एसएसएच (दूरवरून कमांड लाइन) झकास चालतं. अ‍ॅडमिन गटातलं लॉगिन आहे, 'सुडो -आय' (सगळे अधिकार घेणं) होतं.

ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी बघायला 'कॅट /ईटीसी/क्रॉनटॅब' केलं. त्यात आरसिंक (फाइली कॉपी करणारी कमांड) वगैरे काहीच नाही, नुसत्या अशा ओळी:

० २३ * * * रूट /यूएसआर/सिनो/बिन/सिनोशेडटास्क --रन आयडी=३

मग शेड्यूलरमधल्या कामांचे तपशील बघायला 'सिनोशेडटास्क --गेट' चालवलं. बॅकअपशी संबंधित दोन कामं दिसली. एकाच्या कमांडमध्ये 'डीएसएमबॅकअप --बॅकअप १' आहे. दुसरी कुणीतरी हाताने लिहिलेली स्क्रिप्ट आहे: 'आरसिंक -ए --डिलीट', टॅलीच्या फोल्डरमधून '/व्हॉल्यूम१/कॉपी' मध्ये.

दुसरीचं कळलं. पहिलीत जाण्याचं ठिकाणच लिहिलेलं नाही. ते कुठे सापडेल? काही बिघडवायचं नाहीये, नुसतं वाचायचंय.

उत्तर १

तो 'डीएसएमबॅकअप' म्हणजे हायपर बॅकअप, सिनॉलॉजीचंच बॅकअपचं सॉफ्टवेअर. '१' हा त्याचा स्वतःचा टास्क क्रमांक, शेड्यूलरच्या आयडीशी त्याचा संबंध नाही. शेड्यूलरला फक्त "कधी" माहीत असतं. "काय" आणि "कुठे" हे सिनोबॅकअप.कॉन्फ नावाच्या फाइलीत असतं. व्हर्जनप्रमाणे तिची जागा बदलते, म्हणून सरळ शोधा:

फाइंड /यूएसआर/सिनो /व्हार /व्हॉल्यूम१/@अ‍ॅपस्टोअर -नेम 'सिनोबॅकअप.कॉन्फ'

सापडली की 'लेस' ने (नुसतं वाचायला) उघडा, 'व्हीआय' ने नको, त्यात चुकून बदल होऊ शकतो. त्यात 'टास्क_१' चा भाग बघा, कोणती फोल्डरं घेतली आहेत ते तिथे असतं. तिथला रेपो (बॅकअप साठवायची जागा) क्रमांक धरून 'रेपो_' च्या भागात गेलात की बॅकअप याच मशिनवर जातो की दुसऱ्या होस्टवर, ते कळेल. पासवर्डसारखं काही दिसलं तर ते इथे चिकटवू नका.

पण फाइलीत लिहिलंय म्हणजे बॅकअप होतोच असं धरू नका. 'टेल -५० /व्हार/लॉग/सिनोलॉग/सिनोबॅकअप.लॉग' बघा, यशस्वी झाल्याची शेवटची नोंद कधीची आहे? आणि 'डीएफ -एच' मध्ये (जोडलेल्या डिस्कच्या यादीत) '/व्हॉल्यूमयूएसबी१/यूएसबीशेअर' दिसतंय का? यूएसबी डिस्क कुणी काढून ठेवली तरी शेड्यूल आपलं रोज ठरल्या वेळेला चालतच राहतं.

उत्तर २

वरचं बरोबर आहे. मला खरी काळजी त्या आरसिंकची वाटते. '--डिलीट' लावलंय म्हणजे दिवसा कुणी टॅलीचं फोल्डर उडवलं की रात्री कॉपीतूनही ते जाणार. त्यात कॉपी त्याच व्हॉल्यूमवर! याला बॅकअप म्हणू नये. दोन डिस्क आहेत म्हणून निर्धास्त राहणारेही बरेच भेटतात. मिररिंग (दोन्ही डिस्कवर तेच लिहिणं) असेल तर एक डिस्क गेल्यावर काम चालू राहतं, चुकून पुसलेलं मात्र दोन्हीकडून पुसलं जातं.

शिवाय रात्री ११ वाजता (क्रॉनटॅबमधलं '० २३' म्हणजे हीच वेळ) एखाद्या मशिनवर टॅली उघडी राहत असेल तर कॉपीतल्या फाइली एकमेकींशी जुळतीलच असं नाही. ते मालकांना विचारा.

क्रॉनटॅब हाताने बदलू नका. बदल करायचाच तर टास्क शेड्यूलरमधून.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. फाइल सापडली. टास्क १ यूएसबी डिस्कवर जातो. 'डीएफ' मध्ये डिस्क आहे, लॉगमध्ये कालचीही यशस्वी नोंद आहे, डिस्कवर '.एचबीके' चं (हायपर बॅकअपचं) फोल्डरही दिसतंय. मात्र त्यात फक्त स्कॅन आहेत. टॅलीचं फोल्डर यादीतच नाही! म्हणजे टॅलीची भिस्त सगळी त्या आरसिंकवर.

आणि मालकांना फोन केला तर ती यूएसबी डिस्क नॅसच्याच कपाटात, तळमजल्यावर. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी तिथे ४५. पेठेतल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, पण बॅकअपचा विचार करताना कुणाच्या डोक्यात आलं नसावं.

त्यांच्या मिरजेच्या गोदामात पहिल्या मजल्यावर जुना सिनॉलॉजी पडून आहे. तिकडे रोज पाठवायचं तर हायपर बॅकअप बरा की आरसिंक?

उत्तर १

हायपर बॅकअप. जुन्या आवृत्त्या राहतात, त्यामुळे गेल्या आठवड्यातली टॅली परत काढता येते. मिरजेच्या नॅसवर हायपर बॅकअप व्हॉल्ट (दुसऱ्या नॅसकडून येणारा बॅकअप साठवणारं पॅकेज) टाका; तो मॉडेलला चालतो का ते आधी बघा. पहिली मोठी कॉपी दुकानात नेटवर्कवर करून मगच मशिन मिरजेला न्या, नाहीतर इंटरनेटवर दिवसच्या दिवस जातील. आणि एक टॅली कंपनी वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून उघडून बघितल्याशिवाय ती जुनी स्क्रिप्ट बंद करू नका.